उन्हात घड्याळ वाचायचं कसं: बेळगाव भागात नव्याने पळायला लागलेल्यांसाठी

बेळगावातून सकाळी वेंगुर्ला रस्त्याने पळायला निघालं की सुळग्यापर्यंत घड्याळाची काही तक्रार नसते. सूर्य पाठीमागे, पुढे आपलीच लांब सावली, मनगट उचललं की आकडे लख्ख. खरी परीक्षा परतताना. तोंड पूर्वेला, साडेसात वाजलेले, ऊन सरळ डोळ्यांत, आणि घड्याळात आकड्यांच्या जागी दिसतो तो आपलाच पांढरा टी-शर्ट. सुरुवातीचे चार-पाच महिने मी याचा दोष घड्याळाला देत होतो. उजेड शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला. बॅटरी निम्म्या दिवसांत संपायला लागली, आकडे मात्र होते तिथेच. काचेत उमटणारं प्रतिबिंब हे मूळ दुखणं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकतंच पहिलं स्पोर्ट्स घड्याळ घेतलंय किंवा घ्यायच्या विचारात आहेत. गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाने पळताना तुम्ही तीन सेकंद घड्याळात डोकं घातलंत, तर त्या वेळात आठ मीटर पुढे गेलेले असता. सायकलवर ताशी पंचवीसचा वेग असेल तर तेच वीस मीटर होतात. उसाच्या हंगामात खानापूर रस्त्यावर किंवा निपाणीकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून येत असतात. तिथे वीस मीटर न बघता जाणं परवडत नाही. घड्याळ एका नजरेत वाचता आलं पाहिजे. नाहीतर रस्त्यावर ते न बघितलेलंच बरं.

पायरी १: आपली स्क्रीन कुठल्या जातीची आहे ते ओळखा

स्पोर्ट्स घड्याळांत मुख्यतः दोन जातींच्या स्क्रीन येतात. पहिली एमआयपी, म्हणजे मेमरी-इन-पिक्सेल. ही बाहेरचा उजेड आत घेते आणि मागच्या थरावरून परत फेकते, छापलेल्या कागदासारखी. ऊन जेवढं कडक तेवढी ती स्वच्छ दिसते. गार्मिनची फोररनर ५५, फोररनर २५५, फेनिक्स ७, कोरोसची पेस ३ ही या जातीची. दुसरी अ‍ॅमोलेड. हिचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. फोररनर १६५, फोररनर २६५ या जातीची आहेत, आणि अ‍ॅपल, सॅमसंगची घड्याळंही अशीच स्वतःच्या उजेडावर चालतात. दुकानात ठेवलेली अ‍ॅमोलेड बघितली की तिच्यापुढे एमआयपी कळकट वाटते. पण भर दुपारी रस्त्यावरचा दिवा चालू राहिलाय हे कुणाच्या लक्षात येतं का? तसंच अ‍ॅमोलेडचं होतं. तिला उन्हाशी झुंजावं लागतं. एमआयपीला ऊन स्वतःच मदत करतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत घड्याळ न हलवता ठेवा. स्क्रीन काळीठिक्कर आणि आकडे चमकदार असतील तर ती अ‍ॅमोलेड. आकडे दिसेनासे झाले आणि बटण दाबल्यावर सगळी स्क्रीनच फिकट उजळली तर एमआयपी.

हे आधी कळणं गरजेचं आहे, कारण पुढचे काही उपाय दोघींना उलटसुलट लागू पडतात. एमआयपीवर भर उन्हात बॅकलाइट वाढवून काहीच मिळत नाही, फक्त बॅटरी जाते. अ‍ॅमोलेडला मात्र ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. आणि पळताना स्क्रीन कायम चालू ठेवायची सोय असेल तर निदान सराव संपेपर्यंत ती वापरा, कारण मनगट झटकल्यावर स्क्रीन पेटायची वाट बघण्यात एखादं सेकंद जातं. तेच तर आपल्याला वाचवायचंय.

पायरी २: आकडे कमी करा

सगळ्यात जास्त फरक याने पडतो, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. नवीन घड्याळ आलं की एकाच पानावर वेळ, अंतर, पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं), ठोके, कॅलरी, चढ असं सगळं मांडावंसं वाटतं. मीही सहा खाने, म्हणजे आकड्यांच्या सहा चौकटी, लावले होते. घरी बसून बघायला छान वाटतं.

एकदा मोजपट्टी लावून बघितली. माझ्या घड्याळाची स्क्रीन जेमतेम सव्वा इंच. सहा खाने लावले की आकड्याची उंची चार मिलिमीटरच्या आसपास, दोन खाने लावले की दुपटीहून जास्त. हात हलतोय, डोकं हलतंय, घामाचा थेंब पापणीवर आलाय, अशा वेळी चार मिलिमीटरचा आकडा वाचायचा म्हणजे चालत्या बसमधून गावाच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचण्यासारखं.

म्हणून पहिल्या पानावर दोन खाने, फार तर तीन. कुठले ठेवायचे हे सरावावर ठरवा. काँग्रेस रोडसारख्या सपाट रस्त्यावर सावकाश पळताना मला चालू लॅपचा, म्हणजे चालू टप्प्याचा, पेस आणि एकूण अंतर एवढं पुरतं. क्षणाक्षणाचा पेस ठेवू नका. झाडांच्या दाट फांद्यांखाली जीपीएस इकडेतिकडे सरकतं, आकडा एकसारखा उड्या मारतो आणि आपण नको इतक्या वेळा मनगट बघत राहतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढताना तर पेसला अर्थच उरत नाही. तिथे एकच खाना, हृदयाचे ठोके. बाकीचं दुसऱ्या पानावर ढकला, घरी आल्यावर बघा.

आणि बघायची गरजच कमी करा. दर किलोमीटरला आपोआप लॅप आणि मनगटावर कंपन, ही सोय जवळजवळ प्रत्येक स्पोर्ट्स घड्याळात असते. ती चालू असली की किलोमीटर पुरा झाल्यावर घड्याळ स्वतः टोचणी देतं आणि काही सेकंद लॅपची वेळ मोठ्या आकड्यांत दाखवतं. पाच किलोमीटरला पाच वेळा बघितलं की झालं.

आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे असेल, भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावच्या मैदानांवर पहाटेपासून दिसतात. त्यांतला एकजण परवा मैदानावर भेटला. सोळाशे मीटरचा सराव चालला होता. धापा टाकत म्हणाला, "काका, आकडंच दिसंनात की! बघायला गेलं की पाय ढिलं पडतंय." त्याच्या घड्याळात पाच खाने होते. आम्ही तिथेच मैदानाच्या कडेला बसून ते काढले आणि एकच ठेवला, लॅपची वेळ. सोळाशे म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांचं लक्ष्य धरलं तर एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद येतात. दर फेरीला सुरुवातीच्या रेषेवर लॅपचं बटण हाताने दाबायचं आणि तेवढ्यापुरतंच बघायचं: ८२ आलं की बरोबर, ७६ आलं की फार घाई झाली, ८८ आलं की वेग वाढवायचा. मैदानावर आपोआप लॅप बंदच ठेवा, कारण वळणावर जीपीएस कोपरे कापतं आणि किलोमीटर भलत्याच जागी वाजतो. आपलं मैदान खरोखर चारशेचं आहे का, हेही एकदा टेप लावून बघा.

पायरी ३: कोन शोधा

आता तो टी-शर्टचा प्रश्न. इथे थोडं गणित आहे, पण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. अ‍ॅपल वॉच अल्ट्रा २ ची कमाल ३,००० निट्सची आहे, बरीचशी घड्याळं याच्या खूप खाली असतात. आता कडक ऊन थेट अंगावर पडलेला पांढरा टी-शर्ट घ्या. तो साधारण २० ते २५ हजार निट्सने झळकत असतो. साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे चार टक्के आरशासारखा परत पाठवते. म्हणजे टी-शर्टचं जे प्रतिबिंब तुमच्या आकड्यांवर पसरतं, तेच ८०० ते १,००० निट्सचं. सकाळच्या उन्हात निम्मं धरा. आकडे त्याच्याखाली बुजणारच. महागड्या घड्याळांवरची सफायर काच ओरखडे पडू देत नाही हे खरं, पण वर खास थर नसेल तर ती साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट, पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकते. जास्त पैसे मोजले म्हणजे उन्हात जास्त दिसेल असं नाही, ते यामुळे.

यावर उपाय मनगटातच आहे. सकाळी अंगणात किंवा गच्चीवर सूर्याकडे तोंड करून उभे राहा. पळताना उचलता तसा हात छातीसमोर आणा. आकडे वाचू नका, काचेत काय दिसतंय ते बघा. मग मनगट अगदी हळू फिरवा. स्क्रीन जास्त उभी झाली की काचेत छाती दिसते, जास्त आडवी झाली की आभाळ. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी येते की काचेत तुमचा स्वतःचाच चेहरा दिसतो. ती नेमकी नजरेसमोरची जागा. आता डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी घाला आणि पुन्हा तेच करा. टोपीच्या सावलीमुळे चेहरा काळवंडलेला असतो, काचेत उमटतो तो हा काळा ठिपका, आणि त्या ठिपक्यात आकडे उठून दिसतात. अ‍ॅमोलेडवाल्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी टोपी घाला.

एमआयपीवाल्यांनी मात्र तिथून मनगट आणखी थोडं आडवं करावं. तुमच्या स्क्रीनला ऊन हवंय. सूर्य समोर असताना स्क्रीन तुमच्याकडे वळलेली असते, म्हणजे ती स्वतःच्याच सावलीत. थोडी आडवी केली की तिच्यावर ऊन पडतं आणि आकडे कागदावर छापल्यासारखे होतात. वर निळं आभाळ असेल तर त्याचं प्रतिबिंब फारसं आड येत नाही. पांढरे ढग असले तर येतं.

हे दहा-बारा वेळा उभ्याने करा, मग चालत, मग पळत. हाताला सवय लागते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. ढिलं घड्याळ हात उचलल्यावर बाहेरच्या बाजूला घसरतं, कोन दर वेळी बदलतो, आणि ठोकेही चुकीचे दाखवतं. गडद रंगाचा टी-शर्टही मदत करतो, पण एप्रिल-मे मध्ये तो घालून कुणाला शिजायला सांगणार? उन्हाळ्यात पांढराच घाला आणि कोन सांभाळा.

सायकलवाल्यांचं काम सोपं आहे. हँडलवर बांधायचा तुकडा मिळतो, त्यावर कोन एकदाच पक्का करता येतो. घड्याळ मनगटावर नसल्यामुळे ठोके हवे असतील तर छातीचा पट्टा लागेल.

पायरी ४: रंग

यात फार वेळ घालवू नका. एमआयपीवर पांढरी पार्श्वभूमी आणि काळे आकडे. बऱ्याच घड्याळांत सरावाच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो. अ‍ॅमोलेडवर काळ्यावर पांढरे, फार तर पिवळे. काळ्यावर लाल किंवा निळे आकडे घरात देखणे वाटतात, उन्हात ते आधी मरतात. सुयांची नक्षीदार पानं सरावाबाहेरच्या वेळेसाठी ठेवा.

पायरी ५: गॉगल, चष्मा आणि चाळिशी

पोलराइज्ड गॉगल रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक छान मारतो, पण एमआयपी स्क्रीन त्यातून एखाद्या कोनात पार काळी पडू शकते. घड्याळ बिघडलं म्हणून घाबरू नका. स्क्रीनमधून येणारा उजेड एका दिशेत बांधलेला असतो आणि गॉगल नेमकी ती दिशा अडवतो. गॉगल घालून घड्याळ गोल फिरवून बघा. पळताना तुम्ही ज्या कोनात बघता त्याच कोनात काळं पडत असेल, तर सरावासाठी साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल घ्या. घड्याळाच्या खरेदीला जाताना आपला नेहमीचा गॉगल खिशात ठेवा.

चाळिशीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. किल्ला तलावावर किंवा व्हॅक्सिन डेपोत सकाळी जे नव्याने पळायला येतात त्यांतले निम्मे तरी चाळिशी ओलांडलेले दिसतात. जवळचा चष्मा घरी टेबलावर असतो. त्यांना घड्याळ धूसर दिसतं आणि ते घड्याळाला नावं ठेवतात. एक गंमत ध्यानात घ्या: तेच आकडे पहाटे साडेपाचला धूसर आणि नऊ वाजता बरेच स्पष्ट दिसतात. उन्हात बुबुळातलं छिद्र बारीक होतं, त्यामुळे जवळचंही काहीसं नीट दिसतं. अंधारात ते मोठं होतं आणि चाळिशी उघडी पडते. म्हणून आपले खाने पहाटे तपासा. पहाटे वाचता आलं की दिवसाही येईल. हात थोडा लांब धरणं हा जुना उपाय आहेच, पण खरा उपाय पायरी २. एकच आकडा, मोठा.

पायरी ६: उजाडण्याआधी

हिवाळ्यात इथे सहा वाजताही अंधार असतो, आणि धुकं असलं की त्याहून उशिरापर्यंत. उन्हासाठी लावलेला पूर्ण उजेड त्या वेळी डोळ्यांवर आदळतो आणि नंतर काही क्षण रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. एमआयपीवर मनगट उचललं की बॅकलाइट लागेल, तोही मंद, असं ठेवा. काही घड्याळांत हे फक्त सूर्यास्तानंतर चालू राहील असं सांगता येतं, ते उत्तम. अ‍ॅमोलेडवर ऑटो ब्राइटनेस हे काम करतं. अट एकच, जॅकेटची बाही अर्ध्या घड्याळावर आलेली नको. उजेड मोजणारा सेन्सर झाकला गेला की घड्याळाला वाटतं रात्र झाली.

पायरी ७: पाऊस

जून ते सप्टेंबर हा आपला वेगळाच मामला. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस काय असतो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. बेळगाव शहरातही दिवसचे दिवस झड लागते. तेव्हा उन्हाचा त्रास संपतो आणि थेंबांचा सुरू होतो.

पावसाचा थेंब टचस्क्रीनला बोटासारखाच वाटतो. पान आपोआप उलटतं, सराव थांबतो, क्वचित पुसलाही जातो. निघण्यापूर्वी टच बंद करा किंवा स्क्रीन लॉक करा आणि सगळं बटणांवर चालवा. घड्याळ अजून घ्यायचं असेल आणि तुम्ही पावसातही पळणार असाल, तर बटणांचंच घ्या असं मी स्पष्ट सांगेन. ओल्या बोटांनी टच वापरण्यात काही राम नाही.

काचेवर साचलेला प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा वागतो आणि खालचा आकडा वाकडा करतो. टी-शर्टने पुसलं तर घामाचा आणि सनस्क्रीनचा चिकट थर पसरतो. मनगट एकदा जोरात खाली झटका, थेंब उडतात.

स्क्रीन गार्डबद्दल एक अनुभव सांगतो. पहिल्याच वर्षी एका दुकानात मी टेम्पर्ड काच बसवून घेतली. गोंद फक्त कडेला होता, मध्ये हवेचा पातळ थर. उन्हाळ्यात दोन काचांमधलं दुहेरी प्रतिबिंब दिसायचं. जुलैत त्या फटीतून पाणी आत शिरलं आणि आकड्यांभोवती वाफेसारखं धुकं धरलं, ते दोन दिवस गेलं नाही. शेवटी नखाने काढून टाकली. गार्ड हवाच असेल तर पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारा घ्या. खरखरीत मॅट गार्ड एमआयपीवर लावू नका, तो ऊन सगळीकडे विखुरतो आणि आकडे राखट दिसतात.

घड्याळ अजून घेतलं नसेल तर

गणपत गल्लीत घ्या, खडे बाजारात घ्या, नाहीतर कोल्हापुरात, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दुकानदाराला सांगा, "जरा बाहेर पायरीवर नेऊन बघू दे की." सकाळी दहा-अकराच्या उन्हात जा. सरावाचं पान उघडायला लावा, नुसतं वेळेचं पान नको. दोन खाने लावा, सूर्याकडे तोंड करा, मग पाठ करा. गॉगल घालून आणि काढून बघा. जवळचा चष्मा काढा. मग जागेवरच पळाल्यासारखं करत मनगट उचला. लोक बघतील, बघू देत. दोन पावलं पडेपर्यंत आकडा वाचून झाला पाहिजे. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी किल्ला तलावावर रोज दिसणाऱ्या एखाद्या पळणाऱ्याला थांबवून त्याचं घड्याळ उन्हात बघून घ्या. पळणारी माणसं घड्याळ दाखवायला नाही म्हणत नाहीत.

रोज घरी आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धरून बोटाने काच चोळा. घामाचं मीठ वाळून बसलं की सकाळच्या तिरप्या उन्हात तेच पांढरं चमकतं. मऊ कापडाने टिपा आणि पट्टा मोकळा करून वाळू द्या, तसंच ओलं चार्जिंगला लावू नका.